सुईच्या वाटेवरचे शेजारी

पासष्टीच्या घरातील एक व्यापारी कल्पावा. राहणे वडाळ्याला, पेढी ट्रक टर्मिनलच्या बाजूला. एके सकाळी दात घासताना उजव्या जबड्यातून विजेचा झटका बसावा तशी कळ जाते आणि काही सेकंदांत नाहीशी होते. चार दिवसांनी ती पहिला घास चावताना येते; पुढे दाढी करताना, तोंडावर पाणी मारताना, हार्बर लोकलच्या दारातला वारा गालाला लागताना. दाढ किडली असावी या समजुतीने दंतवैद्याकडे फेऱ्या सुरू होतात. एक दाढ निघते, मग दुसरी निघते. कळ मात्र होती तेथेच राहते. काही महिन्यांत हा माणूस गिऱ्हाइकाशी खुणेने बोलू लागतो, ताटावरून अर्ध्यात उठतो. घरच्यांना वाटते, वयाबरोबर स्वभाव बदलला.

व्यापारी कल्पित आहे. त्याची वाटचाल मात्र या आजाराच्या असंख्य रुग्णांची वाटचाल आहे. आजाराचे नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. मुंबईच्या घराघरांत हे नाव प्रथम ऐकू आले ते 2011 मध्ये, अभिनेते सलमान खान यांनी आपल्याला हा विकार असल्याचे जाहीर करून अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. वैद्यकाला तो त्यापूर्वी कित्येक पिढ्या ठाऊक आहे. दर लाख लोकसंख्येत वर्षाला साधारण 4 ते 13 नवे रुग्ण, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. औषधांनी भागले नाही तर या आजारावर गालातून सुई घालून करण्याची एक शस्त्रक्रिया आहे. टाका नाही, कवटी उघडणे नाही, बहुधा एक-दोन दिवसांत घरी. ‘सुईचे काम’ म्हटले की मन निर्धास्त होते. त्या निर्धास्तपणापूर्वी सुई कोठून जाते आणि वाटेत तिचे शेजारी कोण, हे घरच्यांनी समजून घेणे आवश्यक आहे.

दुखणे कोणत्या तारेचे?

चेहऱ्याशी संबंधित दोन मज्जातंतूंची नेहमी गल्लत होते. चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल करणारा तो सातवा. त्याला इजा झाली की तोंड वाकडे होते. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारा तो पाचवा, म्हणजे ट्रायजेमिनल. त्याच्या तीन शाखा आहेत: पहिली कपाळ व डोळ्याकडे, दुसरी गाल व वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. चावण्याचे स्नायूही या तिसऱ्या शाखेवरच चालतात. या तिन्ही शाखा कवटीच्या तळाशी, कानाच्या किंचित पुढे, एका गाठीत एकत्र येतात. तिला गॅसेरियन गँग्लिऑन म्हणतात. मेंदूभोवतीच्या पाण्याने वेढलेल्या ज्या लहानशा पोकळीत ती बसते, तिचे नाव मेकेलची गुहा.

बहुतेक रुग्णांत दुखण्याचे मूळ याहून मागे असते. मेंदूच्या देठापाशी एखादी धमनी या मज्जातंतूवर टेकते, तिच्या ठोक्यागणिक त्यावरील आवरण झिजते आणि साध्या स्पर्शाचा संदेश तीव्र वेदना बनून पोहोचतो. थोड्या रुग्णांत गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हे कारण निघते. म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय झालाच पाहिजे.

पहिला उपाय औषधाचा. 1960 च्या दशकापासून कार्बामॅझेपिन हे या दुखण्याचे मुख्य औषध आहे. त्याने आराम पडणे हा निदानाला मिळालेला एक दुजोराच असतो. औषधालाही स्वतःचे धोके आहेत. काहींना अंगावर घातक स्वरूपाचे पुरळ उठते. एचएलए-बी 1502 हा आनुवंशिक घटक असलेल्यांत तो धोका वाढतो, आणि हा घटक आशियाई वंशाच्या लोकांत अधिक सापडतो. वृद्धांत रक्तातील सोडियम उतरते, झोक जातो, गुंगी येते. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. चौविहार पाळणारे वडीलधारे रात्रीची गोळी सोडून देतात, पर्युषणातील उपवासांत दिवसाचीही सोडतात. गोळी अशी अचानक बंद केली की कळ दुप्पट जोराने परतू शकते. दिवसातून दोनदाच घ्यावयाच्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. व्रताचे वेळापत्रक डॉक्टरांना आधी सांगितले, तर वेळा बसवता येतात. डॉक्टरांपासून ते लपवण्यात ना व्रताचे हित आहे, ना शरीराचे.

सुईची वाट

औषध पुरेनासे झाले किंवा सोसेनासे झाले, की शस्त्रक्रियेचा विचार येतो. गालातून थेट या गाठीपर्यंत सुई नेण्याची वाट जर्मन शल्यविशारद फ्रिट्झ हार्टेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत मांडली. तोंडाच्या कोपऱ्यापासून अडीच ते तीन सेंटिमीटर बाहेरच्या बाजूस सुई टोचायची. समोरून पाहता तिचा रोख बाहुलीकडे आणि बाजूने पाहता कानाच्या छिद्रापुढे सुमारे तीन सेंटिमीटरवरच्या खुणेकडे ठेवायचा. शंभर वर्षांनंतरही शल्यविशारद याच खुणांवरून सुरुवात करतात. बदलले ते सुई पोहोचल्यानंतरचे काम. 1974 मध्ये स्वीट व वेप्सिक यांनी सुईच्या टोकाला नियंत्रित उष्णता देऊन वेदनेचे तंतू निकामी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 1981 मध्ये स्वीडनच्या हाकान्सन यांनी ग्लिसरॉल सोडण्याची पद्धत दिली. 1983 मध्ये मलन व लिख्टर यांनी लहानसा फुगा फुगवून गाठ दाबण्याची पद्धत मांडली. साधने तीन, वाट एकच. म्हणून वाटेवरचे बरेचसे धोकेही तिन्हींना समान आहेत.

त्वचेपासून कवटीच्या तळापर्यंत ही वाट साधारण सहा ते आठ सेंटिमीटरची. तिच्या शेवटी दरवाजा आहे, त्याचे नाव फोरामेन ओव्हेल. स्फेनॉइड हाडातील हे लंबगोल छिद्र सुमारे सात मिलिमीटर लांब आणि चार मिलिमीटर रुंद असते, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढे. ते सर्वांचे सारखे नसते. कोणाचे अरुंद, कोणाचे चिरेसारखे. काहींत शेजारचा अस्थिबंध हाडासारखा कडक होऊन दरवाजा अर्धवट अडवतो. एकाच माणसाची उजवी आणि डावी बाजूही पुष्कळदा जुळत नाही.

आता शेजारी पाहू. सुई गालातून जाताना तोंडाच्या आतील अस्तराला लागूनच जाते. अस्तर भेदले गेले तर तोंडातील जंतू सुईबरोबर मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचून मेनिन्जायटिस होऊ शकतो. म्हणूनच शल्यविशारद हातमोजा घातलेले बोट रुग्णाच्या तोंडात ठेवून सुईचा मार्ग आतून चाचपत राहतात. त्यापुढे जबड्यामागच्या पोकळीत मॅक्सिलरी धमनी आणि शिरांचे जाळे आहे. तेथे इजा झाली तर गाल सुजून काळानिळा होतो. दिसायला हे भयंकर असते, पण बहुधा दाब व बर्फ यांनी ओसरते. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असेल तर ते आधीच सांगण्याचे महत्त्व येथे आहे.

दरवाजापाशी आल्यावर चारही दिशांना चूक महाग पडते. सुई फार पुढे गेली तर ती डोळ्याच्या खोबणीच्या चिरेत शिरते आणि दृष्टीच्या मज्जातंतूला धोका होतो. फार मागे गेली तर मानेतून वर येणारी कॅरोटिड धमनी व गुळाच्या शिरेचे छिद्र तेथे आहे. गिळणे आणि आवाज यांचे मज्जातंतू त्याच छिद्रातून बाहेर पडतात. फार आत, नाकाच्या दिशेने सरकली तर फोरामेन लॅसेरम या खडबडीत फटीवरून जाणारी कॅरोटिड पुन्हा सामोरी येते. बाहेरच्या मागच्या बाजूस फोरामेन स्पायनोसम आहे, आणि त्यातून मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी धमनी वर जाते.

दरवाजातून बरोबर आत गेल्यावरही काळजी संपत नाही. तेथे मोजमाप खोलीचे आहे. गाठीच्या आतल्या बाजूला कॅव्हर्नस सायनस नावाचा रक्ताचा साठा आहे. त्यातून कॅरोटिड धमनी जाते आणि डोळ्याचे गोळे फिरवणारे तिसरा, चौथा व सहावा हे मज्जातंतूही जातात. त्यांना झळ लागली की एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. बहुतेकांत हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. वरच्या बाजूस मेंदूचा टेम्पोरल भाग आहे, मागे मेंदूचा देठ. उष्णता देताना किंवा फुगा फुगवताना रक्तदाब अचानक उसळतो, उलट कधी हृदयाचे ठोके धोकादायक मंद होतात. त्यामुळे भूलतज्ज्ञाची सतत नजर या शस्त्रक्रियेत अनिवार्य आहे. सुईतून ठोक्यागणिक उसळणारे लाल रक्त आले, तर धमनीला छेद गेला आहे असे समजून सुई काढणे, दाब देणे आणि त्या दिवशी काम थांबवणे हाच शहाणपणाचा मार्ग. अशा वेळी अर्धवट परत आलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी नाराज होऊ नये. थांबता येणे हेही कौशल्यच आहे.

या सर्व कारणांनी आज सुई केवळ चेहऱ्यावरच्या खुणांवर सोडली जात नाही. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राने दरवाजा पडद्यावर आणला जातो, काही ठिकाणी सीटी स्कॅनची मदत घेतात. उष्णतेच्या पद्धतीत रुग्णाला मधेच जागे करून हलका विद्युतप्रवाह देतात आणि मुंग्या नेमक्या कोठे येतात ते विचारतात. जबड्याच्या दुखण्यासाठी आलेल्या रुग्णाने ‘डोळ्यात’ असे सांगितले, तर सुई हलवली जाते. त्या क्षणी रुग्णाचे उत्तर हेच सर्वांत विश्वासाचे यंत्र असते.

हिशेब आकड्यांचा

इतके धोके वाचून कोणी घाबरेल. म्हणून आकडे पाहावेत. तुर्कस्तानातील अंकारा येथील यूजेल कानपोलात व सहकाऱ्यांनी 25 वर्षांत उष्णतेच्या पद्धतीने उपचार केलेल्या 1600 रुग्णांचा ताळेबंद 2001 मध्ये प्रसिद्ध केला. 97.6 टक्के रुग्णांना तत्काळ आराम पडला. एकदाच सुई घेतलेल्यांपैकी 57.7 टक्के जण पाच वर्षांनंतरही पूर्ण वेदनामुक्त होते. आता नावे बाजू. बुबुळाची संवेदना 5.7 टक्के रुग्णांत मंदावली. चावण्याचा स्नायू 4.1 टक्क्यांत अशक्त झाला. बुबुळाचा दाह 0.6 टक्के, डोळा फिरवणाऱ्या तंतूंचा तात्पुरता लकवा 0.8 टक्के. कॅरोटिड धमनी आणि भोवतालचा रक्तसाठा यांच्यात वाट पडण्याचा गंभीर प्रकार 1600 जणांत एकदा घडला.

व्यापारी माणसाला हा ताळेबंद वाचायला शिकवावे लागत नाही. गोदामाला आग क्वचित लागते, तरी विमा उतरवला जातो. कारण जोखीम मोजताना ‘किती वेळा’ याबरोबर ‘घडले तर किती जाईल’ हेही धरावे लागते. गाल सुजणे अनेकदा घडेल आणि आठवड्यात विसरले जाईल. धमनीची इजा फार क्वचित घडेल, पण घडली तर ती मुद्दलालाच हात घालते. हेही ध्यानात ठेवावे की हे आकडे एका अत्यंत अनुभवी हाताचे आहेत. वर्षाकाठी दोन-तीनच अशी कामे करणाऱ्याला तेच आकडे लागू होतील असे धरता येत नाही.

दुसरा पर्याय कवटी उघडण्याचा. कानामागे लहान खिडकी करून मज्जातंतूवर टेकलेली धमनी बाजूला सारायची आणि मधे मऊ गादी ठेवायची. अमेरिकेतील पीटर जॅनेटा यांनी 1960 च्या दशकात ही पद्धत रूढ केली. त्यांच्या चमूने 1996 मध्ये 1185 रुग्णांची नोंद दिली: दहा वर्षांनंतर 70 टक्के रुग्णांना उत्तम आराम होता, चेहरा बहुधा बधिर झाला नव्हता, मात्र दोन रुग्ण दगावले आणि सुमारे एक टक्का रुग्णांची त्या बाजूची श्रवणशक्ती गेली. प्रकृती धडधाकट असेल आणि एमआरआयमध्ये धमनीचा दाब दिसत असेल, तर पुष्कळ शल्यविशारद या पद्धतीला अग्रक्रम देतात. वय फार झालेले, हृदय किंवा फुप्फुस दुबळे, अथवा मल्टिपल स्क्लेरोसिस असलेला रुग्ण असेल, तर सुईचे पारडे जड होते. किरणांचा तिसरा मार्गही आहे. त्यात टोचणे नाही, पण आराम पडायला आठवडे, कधी महिने लागतात.

बधिरपणाची किंमत

सुईच्या तिन्ही पद्धतींचे तत्त्व एकच: वेदना वाहणारे तंतू काही प्रमाणात निकामी करणे. म्हणजे आरामाबरोबर थोडाफार बधिरपणा येतोच. गाल जड वाटणे, ओठावर अन्न राहिलेले न कळणे हे बहुतेकांना सोसते. कळीच्या तुलनेत ते काहीच नाही, असे रुग्ण म्हणतात. एक टक्क्याच्या आसपास रुग्णांत मात्र बधिर झालेला भागच अखंड जळत राहतो. या अवस्थेवर खात्रीचा उपाय नाही. सही करण्यापूर्वी तिचा उल्लेख डॉक्टरांनी केला नसेल तर घरच्यांनी करावा.

सर्वांत जपायचा तो डोळा. बधिरपणा पहिल्या शाखेत गेला तर बुबुळात कण गेलेला कळत नाही, पापणी वेळेवर मिटत नाही, जखम होते आणि वेदना नसल्याने तिची दखल घेतली जात नाही. या संकटाची ओळख वडाळ्याला जुनी आहे. मुंबईचे महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये येथे कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. आज ते ॲकवर्थ रुग्णालय म्हणून परिचित आहे. मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ॲकवर्थ ते हेच. कुष्ठरोग मज्जातंतू बधिर करतो. त्यात हात भाजला तरी कळत नाही आणि बुबुळाची संवेदना गेली तर डोळा नकळत जातो. तेथे पिढ्यानपिढ्या शिकवली जाणारी शिस्त सुई घेतलेल्या रुग्णालाही तशीच लागू आहे: रोज सकाळी आरशात डोळ्याची लाली पाहणे, डोळा न चोळणे, बाहेर पडताना चष्मा लावणे, आठवणीने पापण्या मिटणे, आणि लाली किंवा धुरकटपणा दिसताच, दुखत नसले तरी, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठणे. वेदना हा शरीराचा पहारेकरी. तो त्रास देऊ लागला म्हणून त्याला रजा दिली, तर पहारा आपल्याला द्यावा लागतो.

सहीपूर्वी

वडाळ्यापासून परळ दूर नाही. तेथील केईएम रुग्णालय आणि सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय 1926 मध्ये सुरू झाले ते एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातील दानातून. त्या दानाला अट होती: अध्यापक पात्र भारतीयच असावेत. पैसा देतानाही नेमकी अट घालण्याची ती व्यापारी सवय रुग्णाच्या नातेवाइकांनी जपावी. न्यूरोसर्जरीचा विभाग असलेल्या अशा रुग्णालयात एक मत घेतल्याशिवाय निर्णय करू नये.

विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. निदान पक्के आहे का, की दाढेचे किंवा सांध्याचे दुखणे राहून गेले? एमआरआयमध्ये धमनीचा दाब दिसतो का? तीन पद्धतींपैकी हीच का, आणि कोणत्या शाखेसाठी? पहिल्या शाखेचे दुखणे असेल तर डोळ्याचे काय? आपण वर्षाला अशी किती कामे करता, आणि आपल्या हातून झालेल्या गुंतागुंती कोणत्या? सुई दरवाजातून गेली नाही तर पुढे काय? हे प्रश्न विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. त्यालाही सावध कुटुंब हवे असते. घरी परतल्यावर ताप, मान ताठणे, तीव्र डोकेदुखी, नाकातून पाण्यासारखा स्राव किंवा दुहेरी दिसणे यांपैकी काहीही आढळले, तर रात्र न घालवता रुग्णालय गाठावे.

आरंभी कल्पिलेला तो व्यापारी आता संमतिपत्रासमोर बसला आहे, असे समजू. आयुष्यभर त्याने न वाचता एकाही करारावर सही केलेली नाही. मुलगा म्हणतो, “साधी सुईच आहे, पप्पा, करून टाका.” बोलताना कळ येईल म्हणून तो काही बोलत नाही. पेन खाली ठेवतो, चष्मा लावतो आणि पहिल्या ओळीपासून कागद वाचू लागतो. मुलाने घाई न करता त्याच्या शेजारी बसून तो कागद त्याच्याबरोबर वाचावा.